घोडं पेंड कुठं खातंय?

आमच्या घरातला लॅपटॉप २०१० सालचा. बिजागरी एकदा बदललेली, बॅटरी केव्हाच गेलेली, एन्टरची कळ जरा जोर लावून दाबावी लागते. काही वर्षांपूर्वी त्याची जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम चार जीबी केली, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली आणि गडी पुन्हा कामाला लागला. मेल, बँक, मुलीचे ऑनलाइन तास, रात्री एखादा जुना सिनेमा, सगळं त्याच्यावर. तक्रार एकच होती, नेटची. त्याच टेबलावरच्या फोनला स्पीड टेस्टमध्ये ९२ एमबीपीएस आणि लॅपटॉपला ११. घरात निकाल लागूनही गेला होता: "बाबा, म्हातारा झालाय तो. देऊन टाका भंगारात."

निकाल जरा घाईचा होता. डिस्कवर उतरवलेला सिनेमा हाच म्हातारा एकदाही न अडखळता दाखवायचा. 'नेट स्लो आहे' असं म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो: कंपनीकडून घरात येणारी लाइन, राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची हवा, लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड आणि आलेलं पान मांडून दाखवणारा प्रोसेसर. नळाला धार बारीक आली म्हणून कोणी गच्चीवरची टाकी बदलायला जात नाही. आधी शेजारी विचारतो, मग वॉल बघतो, मग नळाची जाळी काढून झटकतो. इथंही क्रम तोच ठेवायचा, आणि पाकिटाला हात सगळ्यात शेवटी.

पहिली चाचणी फुकट आहे आणि पाच मिनिटांची. राउटरच्या खोक्यात एक लॅन केबल आलेली असते, ती बहुतेक घरांत ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरांच्या गुंत्यात सापडते. ती लावा, वायफाय बंद करा आणि पुन्हा वेग मोजा. माझ्याकडे ९४ आले. हा ९४ चा आकडा बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर दिसेल, कारण त्यांचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं असतं आणि प्रत्येक पाकिटावरचा पत्ता-शिक्का वजा जाता हातात साधारण तेवढेच उरतात. म्हणजे लाइन ठणठणीत होती, प्रोसेसरही. घोडं हवेत पेंड खात होतं. केबलवरही वेग रडतखडतच आला तर दोष वायफायचा नाही, लाइनवाल्याला फोन लावा. केबलवर आकडा चांगला येतो पण पानं तरीही रांगत उघडतात, तर रॅम पाहा. चार जीबीत तीस टॅब मावत नाहीत. आणि लॅपटॉप कायम राउटरच्या शेजारीच असेल तर केबल तशीच राहू द्या. तारेची बरोबरी वायफायला आजही सहजी जमत नाही.

आता कार्ड. पुढच्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टंकायच्या. 'एलएसपीसीआय' या आज्ञेला 'एनएनके' हा पर्याय जोडला की मदरबोर्डवर बसवलेल्या कार्डांची यादी येते आणि प्रत्येकाखाली ते कोणत्या ड्रायव्हरवर चाललंय तेही दिसतं. माझ्या लॅपटॉपमध्ये आथेरोसची एआर९२८५ ही चिप आणि ड्रायव्हर एटीएच९के निघाला. लिनक्सवाल्यांना हे नाव वाचून बरं वाटतं, कारण हा ड्रायव्हर खुला आहे आणि त्याला वेगळी फर्मवेअर फाइल लागत नाही. चालतं उत्तम. पण किती वेगानं?

वायफायच्या पिढ्या असतात आणि कार्ड आपली पिढी सोडून पुढे जात नाही. २००३ चं 'जी' मानक कागदावर ५४ एमबीपीएसचं. २००९ च्या 'एन'मध्ये एका अँटेनाच्या एका प्रवाहाला नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीत जास्तीत जास्त ७२, रुंदी दुप्पट केली तर १५०. २०१३ चं 'एसी' फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदीत एका प्रवाहाला ४३३ पर्यंत जातं. माझं कार्ड 'एन' पिढीचं, एकाच प्रवाहाचं, ५ गिगाहर्ट्झ न कळणारं. २० मेगाहर्ट्झवर त्याची कमाल मजल ६५.

आणि हे ६५ म्हणजे हवेतले, हातात येणारे नव्हेत. वायफायमध्ये एका वेळी एकच जण बोलू शकतो. राउटर बोलतो तेव्हा लॅपटॉपनं गप्प बसायचं, पाकीट मिळालं की 'पोचलं' म्हणून पावती द्यायची, पुढचं पाकीट पाठवण्याआधी हवा मोकळी आहे का याचा कानोसा घ्यायचा. या सगळ्यात निम्म्याच्या आसपास वेळ जातो. म्हणून ६५ ची जोडणी असेल तर प्रत्यक्षात ३५-४० मिळाले तरी कार्डानं काम चोख केलं असं समजायचं. मला ११ मिळत होते. म्हणजे नवं कार्ड घेण्याआधी याच कार्डातून तिप्पट काढायला वाव होता.

जोडणीची अवस्था बघायला 'आयडब्ल्यू' नावाचं साधन आहे. 'आयडब्ल्यू डेव्ह' एवढंच टंकलं की वायफायचं नाव कळतं, बहुधा डब्ल्यूएलएएन० किंवा डब्ल्यूएलपीनं सुरू होणारं काहीतरी. मग तेच नाव घालून शेवटी 'लिंक' लिहायचं. सात-आठ ओळी येतात, त्यातल्या तीन वाचायच्या. माझ्याकडे त्या अशा होत्या: फ्रिक्वेन्सी २४३७, सिग्नल उणे ७४ डीबीएम, बिटरेट २६.

२४३७ मेगाहर्ट्झ म्हणजे २.४ च्या पट्ट्यातला ६ क्रमांकाचा चॅनल. सिग्नलचा आकडा उणे असतो आणि शून्याकडे सरकेल तितका चांगला. उणे ५० म्हणजे ऐसपैस, उणे ६५ पर्यंत निवांत, उणे ७५ नंतर कुरकुर, उणे ८५ ला रामराम. दर तीन डीबीला ताकद निम्मी होते, म्हणून उणे ६१ आणि उणे ७४ दिसायला जवळचे वाटले तरी त्यांच्यात वीस पटींचा फरक आहे. सिग्नल पडला की कार्ड आणि राउटर आपणहून हळू बोलायला लागतात, जसं लांबच्या माणसाशी आपण एकेक शब्द तोडून बोलतो. ६५ चे २६ झाले ते असे.

पण फोन तर तिथंच, त्याच टेबलावर होता. मग सिग्नल एवढा का पडावा? उत्तर बिजागरीत निघालं. लॅपटॉपचे अँटेना पडद्याच्या चौकटीत वरच्या बाजूला असतात आणि त्यांच्या दोन बारीक वायरी, एक काळी नि एक पांढरी, बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी बदलून घेतली तेव्हा दुरुस्तीवाल्यानं त्यातली एक पुन्हा लावलीच नव्हती. खालचं झाकण काढल्यावर ती कार्डाच्या शेजारी मोकळी पडलेली दिसली. टोकाला मोहरीपेक्षा जरा मोठं, गोल, पितळी रंगाचं टोपण. चार्जर काढून ठेवायचा, बॅटरी निघत असेल तर तीही काढायची, टोपण कार्डावरच्या खुंटीवर नेमकं मधोमध धरायचं आणि अंगठ्याच्या नखानं सरळ दाबायचं. टिक असा बारीक आवाज येतो. वाकडं दाबलं तर खुंटी चेपते आणि मग कार्डच बदलावं लागतं, म्हणून चष्मा लावून, दिवसाच्या उजेडात. झाकण लावलं, पुन्हा 'लिंक' पाहिलं: उणे ६१, बिटरेट ६५. स्पीड टेस्ट: १९. खर्च शून्य.

जागेबद्दलही इथंच सांगतो. राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा जोड्यांच्या कप्प्यात ठेवायची आपल्याकडे भारी हौस. लोखंड, मोठा आरसा, भरलेली पाण्याची टाकी, सळयांचं काँक्रीट, जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंती, सगळे सिग्नल खातात. राउटर उघड्यावर, डोक्याच्या उंचीवर आणि शक्यतो घराच्या मध्यावर असावा. दिसायला वाईट दिसतं, पण इलाज नाही.

पुढचा चोर वीज वाचवणारा. बऱ्याच लिनक्स आवृत्त्यांत वायफायची पॉवरसेव्ह सोय मुळातच चालू असते. कार्ड मधूनमधून डुलकी घेतं आणि आपल्यासाठी काही आलंय का ते राउटरच्या हाकेच्या वेळी विचारतं. ही हाक साधारण दर दशांश सेकंदाला, म्हणजे सेकंदात दहा वेळा येते. बॅटरीवर ते ठीक. माझा लॅपटॉप आयुष्यभर भिंतीच्या प्लगला बांधलेला, त्याला ही काटकसर हवीय कशाला? ओळखायला सोपं आहे: राउटरच्या पत्त्याला 'पिंग' करत राहा. उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत यायला हवं. ते ४, ८७, ५, ११२ असं उड्या मारत येत असेल तर डुलक्या चालल्यात. 'आयडब्ल्यू'लाच 'सेट पॉवर सेव्ह ऑफ' सांगितलं की ती लगेच थांबते, फक्त मशीन पुन्हा सुरू केलं की पहिले पाढे पंचावन्न. कायमचं करायचं तर उबुंटू-मिंट घराण्यात नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी या फोल्डरात पॉवरसेव्हची दोन ओळींची फाइल असते. तिच्यात ३ लिहिलेलं असतं, म्हणजे चालू. त्याचे २ करायचे, म्हणजे बंद. यानं स्पीड टेस्टचा आकडा फारसा हलत नाही, पण पान उघडायला लागणारी ती चिडचिडी अर्धा सेकंदाची वाट संपते आणि व्हिडिओ कॉलवर आवाज तुटायचा थांबतो.

तरी १९ च. चाळीस येऊ शकतात तिथं एकोणीस, म्हणजे हवेत गर्दी. 'एनएमसीएलआय'ला 'डिव्हाइस वायफाय लिस्ट' सांगितलं आणि आमच्या इमारतीतली सगळी नेटवर्कं समोर आली. तेवीस. त्यातली अकरा चॅनल ६ वर.

२.४ चा पट्टा अरुंद आहे. भारतात त्यावर १ ते १३ चॅनल वापरता येतात, पण एक चॅनल दुसऱ्यापासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर, आणि प्रत्येक बोलणाऱ्याला जागा हवी २० ची. त्यामुळे एकमेकांच्या पायावर पाय न देता उभे राहू शकतात ते तिघंच: १, ६ आणि ११. काही हुशार मंडळी '३ वर कोणी नाही' म्हणून राउटर तिथं नेऊन ठेवतात. तो सगळ्यात वाईट शेजारी. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीनं बोलतात. ३ वरच्याचं बोलणं १ आणि ६ दोघांनाही नुसती खरखर म्हणून ऐकू जातं. शिवाय प्रत्येक राउटर 'मी इथं आहे' अशी ती हाक सेकंदाला दहा वेळा देतो, आणि बहुधा सगळ्यात हळू भाषेत देतो, म्हणजे लांबच्यालाही कळावं. तेवीस राउटर म्हणजे सेकंदाला दोनशे तीस हाका, कोणी काही पाहत नसतानाही. भर म्हणून ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर. शेजारी दूध तापवलं की आमचा कॉल अडकायचा हा निव्वळ योगायोग नव्हता.

आणखी एक गंमत. चाळीतल्या एकुलत्या नळावर एखादी अरुंद तोंडाची कळशी लागली की रांगेतले सगळे खोळंबतात, मग मागच्यांच्या बादल्या कितीही रुंद असोत. वायफायमध्ये पाळी पाकिटांची असते, वेळेची नाही. जिन्याखालचा कॅमेरा किंवा लांबच्या खोलीतला एखादा मरतुकडा फोन हळू बोलत आपलं एक पाकीट पाठवतो, तेवढ्यात तुमची वीस गेली असती. यावर कार्लस्टाड विद्यापीठातल्या संशोधकांनी साथीदारांसह काम केलं; पाकिटांऐवजी हवेतला वेळ सारखा वाटायचा हा त्यांचा उपाय लिनक्सच्या कर्नेलमध्ये आला आणि तो आधी बसला तो याच एटीएच९के ड्रायव्हरमध्ये. माझ्या भंगार म्हणवल्या गेलेल्या कार्डाच्या कुळाची ही कामगिरी मी घरात जेवताना सांगितली. कोणी विशेष दखल घेतली नाही.

राउटरच्या पानावर जाऊन चॅनल 'ऑटो'वरून ११ वर नेला, कारण तिथं चारच शेजारी होते. वेग ३१. रुंदी मुद्दाम २० ठेवली. ४० केली तर कागदावर आकडा दुप्पट होतो, पण एवढ्या गर्दीत निम्मा पट्टा अडवून बसणाऱ्याला दुप्पट धक्केही बसतात. कोकणात वाडीतलं एकटं घर असेल, आजूबाजूला माड नि फणसाखेरीज कोणी नसेल, तर खुशाल ४० करा.

एक जुनं दुखणं राउटरच्या सुरक्षेच्या खान्यात दडलेलं असतं. तुमचं कार्ड 'एन' असूनही बिटरेट नेमका ५४ वर अडला असेल, त्याच्या वर कधी जातच नसेल, तर तिथं टीकेआयपी हा शब्द शोधा. या जुन्या कुलपासोबत 'एन'चे वेग वापरायचे नाहीत असा मानकाचाच नियम आहे, म्हणून कार्ड निमूटपणे 'जी' होऊन बसतं. डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडलं की ते सुटतं, आणि टीकेआयपी सुरक्षित राहिलेलं नाही हेही त्याचबरोबर मार्गी लागतं.

ज्यांचं वायफाय लिनक्सवर दिसतच नाही त्यांची कहाणी वेगळी. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपांत ब्रॉडकॉमच्या चिपा असत. त्यांना चालायला कंपनीची फर्मवेअर फाइल लागते आणि ती खुली नसल्यानं अनेक वितरणं ती सोबत देत नसत. नेट नाही म्हणून फाइल उतरवता येत नाही, फाइल नाही म्हणून नेट नाही. डेबियननं २०२२ मध्ये सभासदांचं मतदान घेऊन हा पेच सोडवला आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशा फर्मवेअर फाइली स्थापनेच्या डिस्कवरच देऊ केल्या. मिंट किंवा उबुंटूत लॅन केबल लावून 'ड्रायव्हर मॅनेजर' किंवा 'अतिरिक्त ड्रायव्हर'चं खिडकीवजा साधन उघडलं की बहुतेकदा काम होतं. काय हुकलंय ते 'डीमेसेज'मध्ये फर्मवेअर हा शब्द शोधला की लगेच दिसतं.

आता पाकीट. ३१ वर माझं भागत होतं, पण संध्याकाळी सगळी इमारत घरी आली की तो आकडा १५ वर यायचा. गर्दीला खरा उपाय एकच, गर्दी सोडून जाणं. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा कितीतरी रुंद आहे. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनं त्यातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झ भाग विनापरवाना वापरायला मोकळा झाला. तो भिंतींतून कमी जातो हा त्याचा दुर्गुण, पण शेजाऱ्यांचाही आपल्या घरात कमी येतो हा मोठा गुण. त्यासाठी नवं कार्ड हवं.

आतलं कार्ड बदलता येतं, पण आधी चौकशी करा. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत बायोस फक्त ठरावीक कार्डंच चालू देतं. दुसरं बसवलं की मशीन काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून हटून बसतं. त्यापेक्षा यूएसबीचा डोंगल सरळ. लॅपटॉपला जुनंच यूएसबी २ असलं तरी त्याची ४८० एमबीपीएसची वाट आपल्या १०० च्या प्लॅनला पुरून उरते.

डोंगल घेताना कंपनी, रंग, अँटेनाची लांबी काही बघू नका, आतली चिप बघा. खोक्यावरच्या आकड्यालाही भुलू नका: 'एसी६००' म्हणजे २.४ वरचे १५० आणि ५ वरचे ४३३ यांची बेरीज करून वर गोळाबेरीज. एका वेळी पट्टा एकच वापरला जातो, तेव्हा कामाचे ४३३. 'लिनक्स सपोर्ट' असं छापलेलं असतं त्याचा अर्थ अनेकदा सोबतच्या सीडीवर कुठल्या तरी जुन्या कर्नेलसाठीचा कोड आहे एवढाच. तो आज जुळत नाही आणि जुळवलाच तर पुढच्या कर्नेल अपडेटला पुन्हा मोडतो. मीडियाटेकच्या एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू या चिपांचे ड्रायव्हर २०१८ पासून कर्नेलमध्येच आहेत. रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीयूसारख्या कित्येक चिपांना ती जागा ६.२ या कर्नेलमध्ये, म्हणजे २०२३ मध्ये मिळाली. तुमचा कर्नेल त्याहून जुना असेल तर आधी तो बदला. 'युनेम'ला 'आर' जोडून आवृत्ती कळते. एकाच नावाच्या खोक्यात पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि दुसरीत वेगळीच, असंही चालतं, म्हणून पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जात असाल तर लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच टोचून 'एलएसयूएसबी' करा. दुकानदार जरा बघत राहतो, हरकत नाही.

टोचल्यावर वायफायऐवजी एक सीडी दिसू लागली तर घाबरू नका. काही डोंगल आधी विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी असल्याची बतावणी करतात. फाइल मॅनेजरमध्ये ती 'इजेक्ट' करा, बतावणी संपते आणि खरं रूप बाहेर येतं.

खरेदीआधी एक फुकटची युक्ती मात्र करून बघाच. चार्जिंगच्या वायरीनं तुमचा अँड्रॉइड फोन लॅपटॉपला जोडा, फोनचं वायफाय चालू ठेवा आणि सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' लावा. फोन आपलं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वायरीतून लॅपटॉपला देतो, लिनक्सला ते साध्या लॅन केबलसारखं दिसतं, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. मोबाइल डेटा तेवढा बंद ठेवा. मला यावर ८८ मिळाले आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या टेबलापर्यंत पोचतो याची खात्रीही झाली. रोज फोन बांधून ठेवणं जमेना, म्हणूनच डोंगल घेतला.

तो थेट पोर्टात न खोचता मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शनच्या टोकाला लावला. लॅपटॉपच्या बुडाशी, भिंतीला चिकटून राहण्यापेक्षा मोकळ्यावर राहिला की पाच-सहा डीबी सहज पदरात पडतात. नव्या पोर्टांच्या बाबतीत तर हे आणखी गरजेचं, कारण यूएसबी ३ ची स्वतःचीच खरखर २.४ च्या पट्ट्यात सांडते. आता 'लिंक' पाहिलं की फ्रिक्वेन्सी ५१८०, सिग्नल उणे ५५, बिटरेट ४३३. स्पीड टेस्ट ९३, संध्याकाळीही. आतलं जुनं कार्ड नेटवर्कमॅनेजरमधून बंद केलंय, नाहीतर लॅपटॉप अधूनमधून सवयीनं त्याच्याकडेच जातो. डोंगल टेबलामागच्या कॅलेंडरच्या खिळ्याला लटकतोय. महिना उलटला की पान फाडताना तेवढी वायर बाजूला धरावी लागते.